दयाळाचा आवाज खाली आणताना

शाहपूरहून कुसुमताईच्या भाचीचा फोन आला तेव्हा मी कणीक मळत होते. आमची शेजारीण ताई हल्ली तिच्याकडेच असायची. "मावशी गेली... सकाळी, झोपेतच," एवढंच ती म्हणाली. पिठाच्या हातानं फोन धरून मी कितीतरी वेळ खिडकीशी उभी राहिले. मला सारखं वाटत होतं, आता पलीकडच्या अंगणातून ताईची हाक येईल, "लाइट गेली गं, जल्दी ये!"

बुऱ्हाणपुरात लाइट गेली की सगळे कपाळाला हात लावतात. ताई मात्र खूश व्हायची. गल्लीतले पॉवरलूम थांबले की ती पाखरांचे आवाज टिपायला लॅपटॉप आणि माइक घेऊन कडुनिंबाखाली पळायची. आयुष्यभर तिनं कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. ध्वनीचं चित्र काढणं हा तिचा खास विषय. पडद्यावर डावीकडून उजवीकडे वेळ सरकायची, खालून वर सूर चढायचे. आवाजाचे तुकडे मोठे घेतले तर सूर नेमका कळतो, पण तो कधी लागला ते पुसट होतं. लहान घेतले तर वेळ कळते, सूर पसरतो. "दोन्ही एकदम पक्कं मागायचं नाही," असं ती मलाही बजावायची. मी पडले मराठीची मास्तरीण, मान डोलवायचे!

निवृत्तीनंतर तिला उंच सूर ऐकू येईनासे झाले. इंटरनेट गावात नुकतं रुळत होतं, तेव्हाची गोष्ट. एकदा चहा घेताना ती म्हणाली, "दयाळ बोलतच नाही आताशा. सच सांग, पाखरू गप झालं का मी बहिरी झाले?" मी उत्तर देणार तोच म्हणाली, "नको, राहू दे. तू मला बरं वाटावं म्हणून काहीही सांगशील."

मग कितीतरी सकाळी आम्ही लाइट जायची वाट पाहिली. आधी पडद्यावर नुसत्या लूमच्या खटखटीच्या उभ्या रेघा यायच्या. एकदा त्या थांबल्या आणि पार वरच्या बाजूला बारीक, वळणदार रेघा उमटल्या. दयाळ गात होता. ताईनं त्या रेघांवरून बोट फिरवलं आणि तिचे डोळे भरून आले. मलाही रडू आवरेना. पाखरू होतं, पण तिच्यापुरतं ते गेलं होतं...

रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि ते गाणं चौपट हळू करून लावलं. सूर खाली उतरले. मला ते वासरू हंबरल्यासारखं वाटलं, पण ताई डोळे मिटून ऐकत राहिली. "आला गं," ती म्हणाली, "माझ्यापर्यंत आला."

माझा आवाज मुळात किनरा, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. त्या दिवसापासून तिच्याशी बोलताना मी तो खाली आणला, शब्द सावकाश टाकू लागले. तिनं कधी तसं सांगितलं नव्हतं. शेवटच्या भेटीत मात्र माझा हात धरून म्हणाली, "तुझं सगळं समजतं मला."

आता तसं बोलायची गरज राहिली नाही. काल सून म्हणाली, "आई, घसा बसलाय का तुमचा?" घसा ठीक आहे. मी एकटी असताना जुन्या आवाजात बोलून पाहिलं... तो काही मला सापडत नाही.