गुरुजींचा कोरा कागद

देवळ्याहून आलेली सात माणसं बापाच्या अस्थी घेऊन दारात उभी होती आणि आमचे गुरुजी कॉम्प्युटरपुढे बसून त्यांना विचारत होते, "तुमच्या कुळाला जांभळा रंग देऊ की मोरपंखी?" थोरल्या मुलाच्या हातात अस्थींचं गाडगं. त्याला वाटलं असेल, नाशिकला असंच विचारतात. मी फुलांची पाटी खाली ठेवून बघत होते. पंचवटीत मी चाळीस वर्षं फुलं विकली. शहाणी माणसं पाहिली, येडी पाहिली. पण दोन्ही एकाच डोक्यात इतकी गच्च भरलेली फक्त या गुरुजींच्यात पाहिली.

गुरुजी तीर्थाचे उपाध्याय. ठरलेल्या गावांची माणसं त्यांच्या घराकडे पिढ्यान्‌पिढ्या येतात. जो येईल त्याचं नाव, गाव, सोबत कोण, कशासाठी आला, हे वहीत लिहायचं आणि खाली त्याची सही घ्यायची. पुढे त्याचा नातू आला की वही उघडून आजाची सही दाखवायची. नातू ती सही बोटाने चाचपून बघतो. हे मी शेकडो वेळा पाहिलंय. त्यांच्या जुन्या चौदा वह्या मोडी लिपीत. घरात मोडी वाचणारे गुरुजी एकटे, आणि गुरुजींना काचबिंदू. डॉक्टर म्हणाले होते, "गेलेली नजर परत येत नाही. उरलेली दोन-चार वर्षं टिकवू." ती गेली की चौदा वह्या मुक्या. म्हणून पुण्याच्या मुलाने कॉम्प्युटर आणला, कळांवर मराठी अक्षरांच्या चिकट्या लावल्या आणि सांगितलं, "बाबा, रोज चार पानं यात उतरवा." काम एवढंच. वर्ष उलटलं तरी चार पानं धड झाली नव्हती, कारण लिहायचं कशात हेच गुरुजी निवडत होते.

निवडण्याचा रोग त्यांना जुनाच. एकदा मृगाच्या आधी छत्री घ्यायला मेन रोडला गेले, प्रत्येक दुकानात छत्री उघडून तिच्यावर तांब्याभर पाणी ओतायला लावलं आणि दसऱ्याला छत्री घेऊन घरी आले. बायको होती तेव्हा तिने एकदा कढीपत्ता आणायला धाडलं, तर तीन बायकांच्या पाट्यांतली पानं चुरगाळून वास घेत बसले. इकडे कढी खाऊन माणसं झोपली. माझ्याकडून रोजची फुलपुडी घेतानाही देवाला कुठलं फूल आवडेल यावर दारात पाच मिनिटं. मी म्हणायची, "देव काय परत करतोय का?" ते म्हणायचे, "आक्का, देणाऱ्याने विचार करावा." असा माणूस कॉम्प्युटरच्या प्रोग्रॅमच्या सीड्या विकणाऱ्या दुकानात शिरल्यावर काय होणार?

पहिल्या सीडीत पडद्यावर खेळातल्यासारखे रंगीत पत्ते होते, एका कुळाला एक. गुरुजींनी दोन महिने कुळांना रंग वाटले. दुसरीत झाड होतं. फांदीवर टिचकी मारली की पोरं-नातवंडं उघडायची, परत मारली की मिटायची. गुरुजी दिवसभर लोकांची खानदानं उघड-मीट करायचे. तिसरीत आठवणीची घंटा होती. ती एका श्राद्धात पिंड ठेवताना वाजली आणि यजमान दचकून पाटावरून खाली आला. चौथी दुकानदाराने तीस दिवस वापरून बघायला दिली होती. एकतिसाव्या दिवशी तिने आतून कडी लावली, आत साठ घराणी. "आक्का, साठ घराणी कोंडली हो!" असं म्हणत ते माझ्या पाटीपर्यंत धावत आले, जसं काही माझ्याकडे किल्ली होती. पुढच्याच आठवड्यात पत्त्यांची पहिली सीडी पुन्हा घातली.

आणि मग देवळ्याची माणसं आली. रंगाचं विचारून झालं, कॉम्प्युटरात नाव काही सापडेना. शेवटी थोरला हळूच म्हणाला, "गुरुजी, वहीमा देखा ना. आमना आजानी सही शे तठे." गुरुजींनी वही काढली. नाकाला लावली. उजेडात नेली. भिंग धरलं. पान उलटलं, परत मागे आले. त्या घराण्याचं पान त्यांना एरवी झोपेत सापडलं असतं. त्या दिवशी अर्धा तास लागला. सही दाखवताना त्यांचं बोट एक ओळ खाली पडलं, आणि थोरल्याने ते उचलून आपल्या आजाच्या सहीवर ठेवलं.

माणसं घाटावर गेल्यावर मी गुरुजींना धरलं. "गुरुजी, डोळे संपत आले आन् तुम्ही रंग काय निवडताय?"

"साधन उत्तम पाहिजे, आक्का. एकदा साधन बसलं की—"

"मी खुरपं निवडायला वरीस लावलं असतं तर मळ्यात गवत ऱ्हायलं असतं नुसतं. त्या डब्यात कोरा कागद हाय का? नुसता कोरा?"

त्यांनी नाराजीने काहीतरी उघडलं. पांढरं पान, त्यावर लुकलुकणारी एक उभी रेघ. रंग नाही, झाड नाही, घंटा नाही.

"हे मशीनबरोबर फुकट येतं. याला कुणी विचारत नाही."

"मग हेच. याच्यात तुम्हाला निवडण्यासारखं काय नाय. लिहावंच लागंल."

गुरुजी चिडले, तरी लिहायला बसले. पण वहीतून पडद्यावर आणि पडद्यावरून वहीत नजर फिरवणं त्यांना जमेना. म्हणून ते भिंग लावून वाचायला लागले आणि मी एका बोटाने अक्षरं हुडकून लिहायला लागले. माझी चौथी झालेली. त्या कोऱ्या कागदाला तेवढी पुरली. दर गावाचं एक पान. फुलं विकून झाली की दुपारी दोन तास.

गुरुजींचे भाऊबंद आले. "उपाध्यांच्या वह्या आता माळीण लिहिणार?" गुरुजींनी भिंग खाली ठेवलं. "तुम्ही मोडी शिकून या. मग ती उठेल." कुणी शिकून आलं नाही. मीही उठले नाही. एकदाच उठले होते, महिनाभराने गुरुजी म्हणाले, "आक्का, गावाचं नाव तेवढं निळं केलं तर?" तेव्हा. पाटी डोक्यावर घेतली होती. "बसा, बसा," ते म्हणाले, "काळंच. काळं छान दिसतं."

वाचता वाचता भरकटायचे. विंचूरच्या कुणा पाटलाच्या तीन बायका, त्यांतली कुठली भांडकुदळ होती, सगळं सांगायचे. मी म्हणायची, "पुढं." एका ओळीत इगतपुरीची एक बाई होती, सोबत कोण या रकान्यात गुरुजींच्या पणजोबांनी लिहिलं होतं, कोणी नाही. ती ओळ गुरुजींनी दोनदा वाचली. मग मीच म्हणाले, "पुढं."

अशी तीन वर्षं गेली. बाराव्या वहीच्या सुरुवातीला ते एका ओळीवर अडले. वही जवळ घेतली, लांब धरली. "आक्का, इथली शाई उडालीय का हो?"

मी वाकून बघितलं. शाई काळी कुळकुळीत होती.

"उडालीय," मी म्हटलं.

"तरीच," म्हणाले, आणि वही मिटून मांडीवर ठेवली. दुसऱ्या दिवशी वही काढली नाही. मीही मागितली नाही.

अकरा वह्या झाल्या. तीन राहिल्या. मुलगा म्हणतो, मोडी जाणणाऱ्या कुणाला तरी दाखवू. अजून दाखवलेल्या नाहीत. गावाकडची माणसं येतात तेव्हा मी जाते, त्यांच्या गावाचं पान उघडते आणि नावं मोठ्याने वाचते. गुरुजी पुढे बसून ऐकतात. त्यांना आता दिसत नाही. माझे गुडघे गेलेत. पण आम्ही दोघं आहोत.