दुसऱ्याच्या नावावर

अर्धवट काम दिसलं की लेफ्टी आजोबांचा डावा हात शिवशिवायला लागे. स्मिता आणि मी दोन हजार सोळा साली कॅनडात सस्काटूनला आलो, तेव्हाचे हे शेजारी. गोरे, ऐंशी ओलांडलेले. फुटपाथवरचा बर्फ शोव्हल करताना मी जरा दम खायला थांबलो, की फावडं हिसकावून घेत आणि शेवटच्या फरशीपर्यंत खरवडून काढत. स्मिता दारातून ओरडे, "अहो, त्या आजोबांना कसलं राबवताय? लोक काय म्हणतील!" पण ते फावडं परत मिळवणं काय सोपं होतं?

तरुणपणी ते अमेरिकेत व्यावसायिक बेसबॉल खेळले. चेंडू टाकणारे, म्हणजे पिचर. पण सामना सुरू करायचा मान त्यांना कधीच मिळाला नाही. आधीचा पिचर मार खायला लागला, की यांना बोलावणं येई. "पसारा दुसऱ्याचा, आवरायचा मी," ते म्हणत.

एकदा चहा पिताना त्यांनी एक नियम समजावला. आधीच्या पिचरच्या वेळी धावायला निघून वाटेत अडकलेले समोरच्या संघाचे खेळाडू यांच्या चेंडूवर 'घरी', म्हणजे धावेच्या शेवटच्या टप्प्यावर, पोचले, तरी त्या धावा आधीच्याच्याच नावावर लागतात. माझं डोकं क्रिकेटचं. मी टाळीसाठी हात पुढे केला. "म्हणजे तुमची पाटी कोरीच! झकास की!"

आजोबांनी टाळी दिली नाही. "त्याच पाटीपायी वॉल्टरला काढलं," ते म्हणाले.

वॉल्टर त्यांचा खोलीतला सोबती. एका सामन्यात तोच आधीचा पिचर होता; दोन खेळाडू वाटेत असताना त्याने चेंडू यांच्या हातात दिला, आणि यांच्या पहिल्याच चेंडूवर दोघेही घरी पोचले. हार वॉल्टरच्या नावावर लागली. लवकरच त्याला संघातून काढलं. "जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं." गार झालेला चहा मी पुन्हा गरम करून आणला.

वॉल्टर केव्हाच वारला होता. माफी मागायला माणूसच उरला नाही, म्हणून हा म्हातारा गल्लीभर फावडं घेऊन फिरतो, असं मला वाटायचं.

पुढच्या हिवाळ्यात एका सकाळी स्वतःच्याच दारासमोर त्यांच्या छातीत कळ आली. अँब्युलन्समध्ये चढवताना ते फुटपाथकडेच बघत होते. अर्धा राहिला होता. "मी आहे, आजोबा. मी बघतो," मी म्हणालो. ते परत आलेच नाहीत.

त्या सकाळी अँब्युलन्स वळली तसं मी त्यांचंच फावडं उचललं. बोटं बधिर झाली. स्मिता म्हणाली, "अहो, बास आता. घरात या." मी थांबलो नाही. एक फरशी जरी राहिली असती, तरी ती त्यांच्या नावावर लागली असती.