सोगानचा खरा रंग

सोलो शहराच्या लावेयान पेठेत वेनिंग बाटिकच्या नक्ष्या काढते. वय सत्तेचाळीस, जीभ गोड, पण कामात कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. स्कूटरवरून लग्नघरी जायचं, लॅपटॉपवर नक्षी आणि रंग दाखवायचे, होकार मिळाला की रंगाऱ्याला कळवायचं, हा तिचा पंधरा वर्षांचा धंदा.

गेल्या वर्षी मात्र तिचं नाक कापलं गेलं. एका लग्नात दोन्हीकडच्या नातेवाइकांना सोगानची, म्हणजे इथल्या तपकिरी रंगाची, एकसारखी कापडं वाटायची होती. रंगाऱ्याने दोन्ही ताग्यांचे फोटो पाठवले. तिच्या स्वस्त, हलक्याफुलक्या लॅपटॉपवर ते सारखेच दिसले आणि तिने बिनधास्त मान डोलावली. प्रत्यक्षात नवऱ्याकडचं कापड फिकं निघालं. सोलोत असं कापड हातात पडलं की माणूस समजतो, आपली पायरी दाखवली. नवऱ्याच्या चार आत्या न जेवता उठून गेल्या. पुढे सहा महिने एकही लग्नघर वेनिंगकडे फिरकलं नाही.

आता शेजारच्या क्लातेन गावच्या हार्तिनीबाईंनी, इथल्या भाषेत बू हार्तिनींनी, लेकीच्या लग्नासाठी तिला बोलावलं होतं. एकशे चाळीस कापडं. हे काम मिळालं आणि नीट पार पडलं तरच तिला पुन्हा कुणी दारात उभं करणार होतं. म्हणून आधी ती लॅपटॉप घ्यायला गेली, सोबत पिशवीत सोगानचा एक तुकडा आणि त्याच तुकड्याचा फोटो.

दुकानदार लियोंगने, ज्याला सगळे 'को' म्हणजे दादा म्हणत, पहिला पुढे केला. "आठ दशलक्ष रुपिया. वजन काही नाही, चिप्सचं पाकीट उचलल्यासारखं!"

वेनिंगने फोटो उघडला, तुकडा पडद्याशी धरला आणि मान जराशी कलती केली. पडद्यावरचा तपकिरी रंग काळा पडला. "असल्यानेच माझं वाटोळं केलं, को. ठेवा."

दुसरा तितकाच हलका, बावीस दशलक्षांचा. त्यात सोगान नव्या नवरीसारखा नटला. ती हसली. "हा तर खोटं बोलतो. तेही इतके पैसे घेऊन!"

तिसरा गेल्या वर्षीच्या मॉडेलचा, तेरा दशलक्षांचा, अडीच किलोंचा. पडदा झगमगीत नव्हता, पण तुकडा आणि फोटो यांत तिला फरक दिसेना. तिने तो खालून, बाजूने, उभं राहून पाहिला. रंग हलला नाही.

"बू वेनिंग, हे जातं आहे जातं," को लियोंग म्हणाला. "दोन तासांत बॅटरी बसते. पाठीवर घेऊन क्लातेनला जाणार? कंबर मोडेल."

"कंबरेला मलम मिळतं. अब्रूला कुठलं लावू? बांधा."

दुसऱ्या दिवशी बू हार्तिनींच्या ओसरीत तिने आधी प्लग शोधला, मगच नमस्कार-चमत्कार केले. बू हार्तिनींनी पडद्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला. "तुम्ही पाठवलेली नक्षी यात किती लालसर, चमकदार दिसते! मला हाच रंग हवा. दुसरी एक बाई करून देते म्हणालीय."

सोलोत तोंडावर नाही म्हणत नाहीत. 'बघू हं, करू प्रयत्न' म्हणतात आणि पुढचं देवावर सोडतात. वेनिंगच्याही ओठांवर ते आलं होतं.

"तो रंग फोनमध्येच आहे, बू," ती म्हणाली. "रंगाऱ्याच्या हंड्यात नाही. तिथून निघेल तो हा, लॅपटॉपवरचा. दुसरा मला जमणार नाही. गेल्या वर्षी मी पडद्यावर भुलले आणि एका घराच्या व्याह्यांमध्ये वितुष्ट आलं. तुमच्याकडे मला ते नको."

काम गेलं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिला हलकं वाटत होतं. असं खरं तिने पंधरा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं.

बू हार्तिनींनी पुढे केलेला फोन मागे घेतला आणि विहिणीला लावला.

"विहीणबाई, कापडाचं ठरलं हो. रंग जरा साधा आहे. पण तुमच्याकडे जो येईल तोच आमच्या अंगावर असेल."

वेनिंगला रडू फुटलं आणि तिने ते आवरलं नाही.