बोटांना पाठ असलेला कोड

आमच्या घराच्या दाराचा कोड फक्त मला माहीत होता, आणि ज्या दिवशी तो खरोखर लागला त्या दिवशी तो मलाही माहीत नव्हता.

सीवूड्सच्या आमच्या फ्लॅटला आकड्यांचं कुलूप बसलं ते माझ्या हट्टापायी. चाव्या हरवणं हा आमच्या घरचा पिढीजात उद्योग. कुलूप बसवणाऱ्याने विचारलं, "मॅडम, कोड काय ठेवायचा? जन्मतारीख?" मी म्हटलं, "जन्मतारीख काय, कुणीही ओळखेल." आणि कुणाच्या जन्माशी, लग्नाशी, गाडीच्या नंबराशी काडीचा संबंध नसलेले सहा आकडे मी स्वतःच्या हाताने दाबले. माझा नवरा सुधीर म्हणाला, "मला हे लक्षात राहणार नाही, माझा अंगठा घे." त्याचा अंगठा नोंदवला. सासूबाई एकट्या बाहेर जात नाहीत, त्यामुळे त्यांचा प्रश्नच आला नाही. (कुलपाबरोबर एक साधी चावीपण मिळाली होती. ती मी देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. घराच्या आत. तेव्हा ते फार सुरक्षित वाटलं.)

त्या दुपारी मी तळोज्याला कंपनीत होते. तिथे मी अकाउंट्स बघते. सुधीर घरूनच काम करतो. मोबाइलवर अनोळखी नंबर आला, मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा उचलून सांगितलं, "मला लोन नकोय."

"मलाही नकोय," सुधीर म्हणाला. "कोड सांग."

तो ओला कचरा ठेवायला दाराबाहेर आला होता आणि खाडीकडच्या वाऱ्याने दार मागे लागलं होतं. फोन आत. सकाळी नारळ खोवताना अंगठा कापलेला, त्याला पट्टी. पट्टी काढून पाहिली तर कुलूप तो अंगठा ओळखेना. शेजारच्या नाईककाकूंच्या फोनवरून तो बोलत होता.

"बेल वाजव ना. आई उघडतील."

"आई झोपलीये. कानातलं मशीन काढून."

म्हणजे संपलंच. मशीन काढल्यावर सासूबाईंच्या उशाशी बँड वाजला तरी त्या फक्त कूस बदलतात.

"आणि गॅसवर कुकर आहे," तो म्हणाला. तेवढ्यात फोनमधून शिट्टी ऐकू आली. लांबून, दाराआडून, पण स्पष्ट. "ऐकलंस? लवकर सांग."

"सांगते," म्हणून मी तोंड उघडलं. आत काहीच नव्हतं.

म्हणजे विसरले म्हणावं, तर तसं नव्हतं. रोज संध्याकाळी तोच कोड दाबून मी घरात शिरत होते. पण तो मी कधी आकडे म्हणून पाहिलाच नव्हता. बोटं जायची, दार उघडायचं.

"पहिला आकडा बहुतेक चार," मी म्हटलं.

"बहुतेक?"

"थांब, मला टेन्शन देऊ नकोस."

"टेन्शन मी देतोय?"

समोर टेबलावर कॅल्क्युलेटर होता. मी डोळे मिटले, बोटं त्यावर सोडली आणि जे उमटलं ते वाचून दाखवलं. चूक. पुन्हा सोडली. वेगळेच आकडे, तेही चूक. तिसऱ्यांदा कुलूप किंचाळलं ते मला तळोज्यात ऐकू आलं.

"लाल दिवा लागला," सुधीर म्हणाला. "पाच मिनिटं आता काही घेणार नाही म्हणतंय." मग आणखी एक शिट्टी.

शेजारच्या टेबलावरची फरझाना एव्हाना उठून माझ्यामागे उभी होती. आम्ही एकाच वर्षी कंपनीत लागलो, त्यामुळे माझी फजिती बघण्याचा तिला हक्क आहे. ती म्हणाली, "तुझ्या दाराच्या कुलपावर वरच्या ओळीत कुठले आकडे आहेत?"

"एक-दोन-तीन."

"आणि कॅल्क्युलेटरवर?"

मी पाहिलं. सात-आठ-नऊ. इतकी वर्षं त्यावर हिशेब करतेय, पण बघितलं त्या क्षणी. मग ओळी मनात उलट्या करून पाहिल्या, पण बोटांचं आता बिनसलं होतं. कॅल्क्युलेटर दिसला की ती सारखा जीएसटीच दाबत होती.

फोनमध्ये माणसं वाढत चालली होती. सोसायटीचे सेक्रेटरी आले. त्यांनी सुताराला फोन लावला, तर तो उलव्याला कुणाची तरी कपाटं ठोकत होता. मग त्यांनी हातोडा मागवला. नाईककाकू म्हणाल्या, "अहो, जळल्यासारखा वास येतोय का?" सुधीर दार बडवत "आई, आई" करत होता.

मग दार बडवणं एकदम थांबलं.

"काय झालं?"

"शिट्टी थांबली."

"म्हणजे?"

"म्हणजे पाणी संपलं असणार," त्याचा आवाज बारीक झाला होता. "आता कुकर फुटतो."

फरझानाने माझा दंड धरला. "ऊठ. माझी अम्मी काहीतरी आणायला किचनमध्ये जाते आणि तिथे पोचली की विसरते. परत येऊन त्याच खुर्चीत बसली की आठवतं. तू घरी पोचतेस तेव्हा तुझ्या अंगावर काय काय असतं? सगळं घाल."

पर्स डाव्या खांद्यावर. डब्याची पिशवी कोपरात. ओढणीचं टोक दातात, कारण मी वाकून सँडल काढते आणि ती पायात येते. एक सँडल काढलेली, दुसरी काढायच्या बेतात, म्हणून एका पायावर. हे सगळं करून मी स्टोअररूमच्या बंद दारासमोर उभी राहिले. फरझानाने आपल्या मोबाइलवर डायलचे आकडे काढले आणि तो दाराला कुलपाच्या उंचीवर टेकवून धरला. माझा फोन तिने दुसऱ्या हातात, स्पीकरवर ठेवला.

मी हात उचलला आणि त्याच वेळी आमचे साहेब दोन ऑडिटरांना घेऊन आले. एका पायावरची मी, दातात ओढणी, दाराला मोबाइल लावून उभी फरझाना. साहेबांनी क्षणभर विचार केला.

"हे दार उघडंच असतं," ते सौजन्याने म्हणाले, आणि ढकललं.

दाराबरोबर फरझाना आत गेली.

"सर, दार बंद हवंय," ती आतून म्हणाली. "घर जळतंय."

साहेबांनी स्वतः दार ओढून घेतलं आणि ऑडिटरांना बाजूला उभं केलं. फरझाना पुन्हा जागेवर आली. मी पुन्हा एका पायावर उभी राहिले, घरी उभी असते तशी, रात्रीच्या भाजीचा विचार करत. बोटं गेली. खाली, वर, आडवी, पुन्हा खाली. मी बघितलंही नाही.

फरझानाने स्क्रीनवरचे सहा आकडे मोठ्याने वाचले. (कोड गुप्त असावा हा माझा आग्रह. तो आता सोसायटीचे सेक्रेटरी, नाईककाकू, साहेब आणि दोन ऑडिटर अशा सर्वांना ठाऊक आहे.)

तिकडे लाल दिवा गेला होता. सुधीरने एकेक आकडा पुन्हा म्हणत दाबला. कुलपाचं ते छोटं सुरेल वाजणं मी ऐकलं, मग धावणारी पावलं, आणि मग काहीच नाही. मी ओढणी दातातच धरून होते.

"सुधीर?"

"ठीक आहे," तो म्हणाला. "सगळं ठीक आहे. आई हॉलमध्ये बसलीये."

झालं होतं असं की सासूबाई पाणी प्यायला उठल्या. कुकरची शिट्टी डोलताना त्यांना दिसली, म्हणून त्यांनी गॅस बंद केला. मशीन न लावताच हॉलमध्ये येऊन दाराकडे पाठ करून त्या वाटाणे सोलत बसल्या. शिट्टी थांबली ती त्यांच्यामुळे. मागे दार बडवलं जात होतं त्याचा त्यांना पत्ताच नव्हता. हातोडा घेतलेले सेक्रेटरी, काकू आणि घामाघूम झालेला मुलगा एकदम आत घुसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "माणसं येणार होती तर सांगायचंस. चहा किती जणांचा टाकू?"

मी खुर्चीत बसले आणि रडले. साहेबांनी ऑडिटरांना सांगितलं, "आपण आधी जेवून येऊ."

त्याच संध्याकाळी सुधीरने कोड बदलला. "आता आपल्या लग्नाची तारीख ठेवलीये," तो म्हणाला. "हे तरी विसरणं शक्य नाही."

"शक्यच नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले. आत सुधीर घरीच होता, टीव्हीचा आवाज येत होता. मी तारीख दाबली. चूक. पुन्हा दाबली, पुन्हा चूक. बेल वाजवली असती तर लगेच दार उघडलं असतं. पण मी आवाज न करता जिन्यात जाऊन बसले, बहिणीला फोन लावला आणि हळूच विचारलं, "ताई, आमचं लग्न नक्की किती तारखेला झालं गं?"