याआधीचे नाव असल्यास

माझ्या दोघा लाडक्यांनो,

मागच्या रविवारी तुमच्यातल्या मोठीने व्हिडिओवर विचारलं, "आजी, मी इंटरनेटवर तुझं नाव टाकून बघत होते. तू त्या कॉन्फरन्समध्ये जिचा पेपर वाचलास, ती बाई कोण? तिच्या नावापुढे क्रूस का आहे?" मी म्हटलं, दूध उतू जातंय, आणि फोन ठेवला. दूध फ्रीजमध्ये होतं. मी आयुष्यात एकदा एका फॉर्मवर आणि एकदा एका पत्रात खोटं लिहिलं आहे. तिसरं तुमच्याशी नको, म्हणून आजच लिहायला बसले. तुमचे बाबा वाचून दाखवतील. त्यांनाही यातलं काही ठाऊक नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, ज्यात माझ्या वेळचं कोणीच नाही, एक निरोप आला. 'या मुलीचा पत्ता कोणाला माहीत आहे का?' खाली परदेशातल्या एका विद्यापीठाचं पत्र जोडलं होतं. खाडीच्या चिखलात वाढणाऱ्या शेवाळावर तिथे परिषद भरणार होती. पन्नास वर्षांपूर्वी नेरूळच्या बाजूच्या मिठागरांवर अकरा पानांचा निबंध लिहिणाऱ्या मुलीला त्यांना बोलवायचं होतं. तिने नमुने घेतले त्या जागांवर आता रस्ते आणि सोसायट्या उभ्या आहेत. तिथलं पाणी कसं होतं, हे तिच्या नोंदींशिवाय आता कशातूनच कळत नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

ती मुलगी मीच. फक्त ते नाव आता माझं नव्हतं.

आमच्या वेळी लग्नात सुनेचं नाव बदलत. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने अंगठीने त्यात नवं नाव लिहायचं, मग टाळ्या आणि पेढे. स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव, तिन्ही एका दुपारी गेली. तुमच्या आजोबांनी निवडलेलं नाव मला आवडलं होतं, हेही सांगायला हवं. तांदूळ दुसऱ्या दिवशी डब्यात ओतले. त्या काळी लग्नाची नोंदणी कोणी करत नसे. नवं नाव रेशनकार्डावर चढलं, त्यावरून पुढे पासपोर्ट निघाला. मी नोकरी केली नाही, घरी इंग्रजीच्या शिकवण्या घेतल्या, त्यामुळे जुनी सर्टिफिकेटं कोणी मागितली नाहीत. ती कपाटात फाइलमध्ये होती. पण ती मी दुसऱ्या कोणाच्या घरातून आणलेली नाहीत, असं सांगणारा एकही कागद माझ्यापाशी नव्हता.

मी परिषदेला कळवलं की लेखिका मी, लग्नानंतर नाव बदललं आहे. त्यांनी पासपोर्टवरच्या नावाचं निमंत्रणपत्र आनंदाने पाठवलं. मला जायचं होतं. किती जायचं होतं ते मी तेव्हा कोणालाच सांगितलं नाही. घर, आजोबांच्या बदल्या, तुमचे बाबा, या सगळ्यांत मी कुठे कमी पडले असं मला वाटत नाही. पण स्वतःच्या डोक्याने केलेलं काम आयुष्यात ते एकच, आणि लोकांसमोर उभं राहून 'हे माझं' असं म्हणायची ती एकच संधी होती.

व्हिसाच्या फॉर्मची प्रत काढून मी तो आधी पेन्सिलीने भरला, मग शाईने. 'याआधीचे नाव असल्यास' या चौकटीत जुनं नाव लिहिलं आणि तो घेऊन बेलापूरला व्हिसाचं काम करणाऱ्या मुलीकडे गेले. तिने कपाळाला हात लावला.

"काकू, हे कशाला भरलंत? इथे 'नाही' टाका ना."

"पण होतं ना दुसरं नाव."

"सगळ्याच बायकांचं असतं, काकू. आडनाव बदललं तर चालतं. तुमचं तर अख्खं माणूसच बदललंय! ह्या दोघी एकच, हे दाखवायला काय आहे? गॅझेटमध्ये नाव बदलल्याची नोंद? काहीच नाही? मग ते विचारणार, ही दुसरी कुठे आहे म्हणून."

खालच्या मजल्यावर एक वकील बसत. ते म्हणाले, "सोपं आहे. ॲफिडेव्हिट करू. तुम्हाला जुन्या नावाने ओळखणारं एक माणूस आणा, त्याची सही पुरे."

घरी येऊन मी कागदावर आडव्या रेघा मारल्या आणि माणसं लिहिली. आई, वडील, भाऊ, तुमचे आजोबा, सासूबाई, दोन मैत्रिणी, मार्गदर्शक प्राध्यापक, शेजारच्या वहिनी. नऊ जण लिहिले आणि नऊच्या नऊ नावांवर काट मारली, कोणीच उरलं नव्हतं. आई जाऊन तीस वर्षं झाली होती. त्यानंतर त्या नावाने मला कोणी हाक मारलेली नव्हती. सकाळचे अकरा वाजले होते, घरात मी एकटी. मी ते नाव मोठ्याने उच्चारून पाहिलं. आणि मला असं वाटलं की आतल्या खोलीतून आता कोणीतरी 'ओ' देणार. मी उठून टीव्ही लावला.

दहावी आठवण आली ती मिठागरांजवळच्या शिरवणे गावातल्या एका मुलीची. मी नमुने घ्यायला यायचे तेव्हा ती माझ्या बाटल्या उचलायची. माझ्याहून पाचसहा वर्षांनी लहान. कुठल्या जागी पाय ठेवला तर गुडघाभर रुततो आणि कुठे कमरेपर्यंत, ते मला तिने शिकवलं.

तिला शोधणं कठीण गेलं नाही. गाव तिथेच आहे, फक्त शेतांच्या जागी इमारती आल्या आहेत आणि भाडेकरू ठेवून गावकरी त्यांचे मालक झाले आहेत. ती तळमजल्यावर ओट्यावर बसून सुकट निवडत होती. तिच्या सुनेने मला खुर्ची दिली. "आई, ह्या बाई तुमच्या जुन्या ओळखीच्या हायत म्हनतात."

मी माझं जुनं नाव सांगितलं. तिचा सुपातला हात थांबला. तिने आधी माझ्या पायांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"तिचा नाव कशाला घेतेस गो?"

"अगं, मीच ती."

"ती मेली," ती म्हणाली. आज नळाला पाणी नाही, असं सांगावं तितक्या सहज.

तिने सांगितलेलं असं. कॉलेजवाली पोर एका दुपारी एकटीच खारीच्या चिखलात उतरली. हिला त्या दिवशी ताप होता, म्हणून ही बरोबर गेली नाही. दुसऱ्या दिवशी बांधावर बाटल्या आणि चपला सापडल्या. गाववाल्यांनी दोन भरत्या शोधलं. पोरीचं घर कुठे ते कोणाला माहीत नव्हतं, पोलिसांत गेलं तर आपल्यावरच येईल असं थोरांनी ठरवलं, आणि गाव गप्प बसलं.

मीही माझी बाजू सांगितली. त्या दिवशी भरती लवकर आली. मला मागे फिरता येईना, म्हणून मी पलीकडच्या मिठागरावर चढले आणि मिठाच्या ट्रकमधून अनवाणी घरी गेले. घरी मुलाकडची माणसं येऊन बसली होती. मुलाची नागपूरला बदली झाली होती, म्हणून आठ दिवसांत लग्न लागलं. चपलांचा विचार माझ्या मनात पुन्हा आलाच नाही. निरोप पाठवायचं सुचलं नाही. या वाक्याची मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

"माझ्या चपला निळ्या पट्ट्यांच्या होत्या," मी म्हटलं. "आणि एक बाटली तुझ्याकडून फुटली होती, तर तू दोन दिवस तोंड लपवत होतीस."

तिने सुनेकडे पाहिलं. "निल्याच व्हत्या. हिला समदा म्हाईत हाय. तिनाच सांगला असंल."

"कोणी?"

"तिनंच गो. ती कुनाच्या तरी तोंडानं बोलनारच ना कवातरी."

सुनेला हसू आवरेना. "आई, अवो जित्या हायत त्या! चा पितायत, बघा तरी."

"चा काय, ती पन प्यायची. दोन चमचे साखर घालून."

मी कपात पाहिलं. मी दोन चमचे साखर मागून घेतली होती.

मग ती माझ्याजवळ सरकली आणि हळू बोलली. दर वर्षी सर्वपित्रीला ती खाडीच्या बांधावर पान ठेवते. घरच्यांचं नंतर, आधी त्या पोरीचं. "सासऱ्याच्या पानाला कावला तासभर शिवत नाय. तिचा पान ठेवला की लगेच येतो. एक वरीस चुकवला नाय मी. त्या दिसा मी गेली असती संगती, तर ती बुडली नसती."

मी वकिलांनी दिलेला कागद तिच्यापुढे ठेवला आणि वाचून दाखवला. तिने सूप बाजूला सारलं.

"मी अंगठा दिला तर ती जिती व्हनार?"

"हो. म्हणजे, ती जिवंतच आहे. मी आहे ना."

"मंग इतकी वरसा जेवली ती कोन?"

बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारच्या इमारतीत कोणीतरी ड्रिल चालवत होतं. मी पेनाला टोपण लावलं. तिला समजावता आलं असतं. सून माझ्या बाजूने होती. पण तिने पन्नास वर्षं ज्या पोरीला जेवू घातलं, तिला एका सहीसाठी हिसकावून घ्यायची माझी हिंमत झाली नाही. आणि खरं सांगते, उत्तर मलाही माहीत नव्हतं.

बेलापूरला जाऊन मी त्या मुलीला म्हटलं, "'नाही' टाका." हे पहिलं खोटं.

"पण काकू, निमंत्रणात तर लिहिलंय की पेपर ह्या दुसऱ्या बाईंचा आहे. मग तुम्ही कोण?"

तेव्हा मी परिषदेला पुन्हा पत्र लिहिलं. माझ्याकडे कागदोपत्री पुरावा नाही, तरी लेखिकेच्या वतीने निबंध वाचायला मला बोलवावं, माझी विनंती चमत्कारिक आहे याची मला जाणीव आहे. पत्र कार्यालयातल्या दुसऱ्याच कोणीतरी उघडलं असावं. त्याने नम्रपणे विचारलं, लेखिका हयात आहेत का? हो लिहिलं तर त्या का येत नाहीत, हा प्रश्न येणार होता. 'त्या आता आपल्यात नाहीत' अशा अर्थाचं, इंग्रजीत अशा वेळी वापरायचं एक सौम्य वाक्य असतं. मी शिकवणीच्या मुलांना ते कितीदा शिकवलं होतं. तेच लिहून पाठवलं. हे दुसरं.

व्हिसा केंद्रात माझे ठसे उमटेनात. मशीनवरचा मुलगा तीनदा म्हणाला, "आजी, दाबा जरा." चौथ्यांदा त्याने ओल्या कपड्याने माझी बोटं पुसली. "आला एकदाचा! आहात तुम्ही."

अकराव्या दिवशी व्हिसा आला. मी गेले. शहर थंड होतं, समुद्र राखाडी. कार्यक्रमपत्रिकेत निबंधाखाली माझं जुनं नाव छापलं होतं, पुढे तो बारीक क्रूस, तिकडे मृतांच्या नावापुढे छापतात तो. सत्राच्या सुरुवातीला अध्यक्ष म्हणाले की लेखिका आपल्यात नाहीत, तेव्हा आपण एक मिनिट उभे राहू. सभागृह उठलं. मीही उठले. साठ अनोळखी माणसं माना खाली घालून उभी होती आणि मी त्यांच्याबरोबर. अर्धं मिनिट मला हसू येईल अशी भीती वाटत होती. उरलेलं अर्धं मिनिट मी त्या पोरीसाठी खरोखरच उभी राहिले.

मग मी अकरा पानं वाचली. आवाज कापला नाही. नंतर एका तरुण संशोधिकेने विचारलं, "शेवटच्या आठवड्याच्या नोंदी नाहीत. का ते तुम्हाला माहीत आहे का?"

"भरती लवकर आली," मी म्हटलं.

त्या संशोधिकेने मला पाण्याचा ग्लास आणून दिला आणि विचारलं, तुमची चांगली ओळख होती का त्यांच्याशी. मी सांगितलं, थोडीफार.

'हे माझं' असं मला म्हणता आलं नाही. त्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं. पण त्या मुलीने लिहिलेलं लोकांनी ऐकलं, वहीत टिपून घेतलं, हे मी समोर उभी राहून पाहिलं.

परत आल्यावर सर्वपित्रीच्या सकाळी मी शिरवण्याला गेले. म्हातारी बांधावर होती. मी दहा पावलं लांब उभी राहिले. तिने पान ठेवलं, त्यावर वडा ठेवला, आणि मागे सरायच्या आत कावळा उतरला.

माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "जाऊन आलीस गो परदेशात?"

"आले."

"तिचा काम झाला?"

"झालं."

"बरा झाला."

तेव्हापासून मी महिन्यातून एकदा तिच्याकडे जाते. आम्ही ओट्यावर बसून त्या पोरीबद्दल बोलतो. ती काय खायची, कशाला घाबरायची, चिखलात कशी पडली होती. मला न आठवणाऱ्या गोष्टी म्हातारी सांगते. तिने अंगठा कधीच दिला नाही, मी पुन्हा मागितला नाही.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं. ती बाई मी होते की नव्हते, ते तुम्ही मोठे झाल्यावर ठरवा. तिला ओळखणारं जगात आता एकच माणूस उरलं आहे. ते शिरवण्याला राहतं, आणि त्याची तब्येत उत्तम आहे.