जाऊबाईंच्या डब्या

जंगलात वाट चुकलेल्या माणसाला जगायला काय लागतं, हे धाकटीला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिनं घडाघडा सांगितलं असतं. अट एवढीच, की आधी तिला झोपू द्यायला हवं होतं. चकमकीची एक दांडी, ती खरवडायला पोलादाची पट्टी, मेण चढवलेल्या थोड्या काड्या आणि कापसाचे गोळे. हे सगळं तळहातावर मावेल अशा पत्र्याच्या डबीत बसवायचं आणि झाकणावरून टेप गुंडाळायची, म्हणजे डबी नदीत पडली तरी आतला माल कोरडा. अशा डब्या भरता भरता धाकटीचे केस पांढरे व्हायला लागले होते, आणि जंगल म्हणाल तर तिनं ते फक्त भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहिलं होतं.

कारखाना आपला म्हणायचा म्हणून म्हणायचा. जुन्या गॅरेजात टाकलेलं एक लांबलचक टेबल, वर सतत गुणगुणणारी ट्यूबलाइट आणि कोपऱ्यात मेणाचं पातेलं. त्या मेणाचा वास असा चिवट की केस धुतले तरी रात्री उशीला यायचा. टेबलाच्या या बाजूला धाकटी, समोर थोरली. दोघी सख्ख्या जावा. थोरलीचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि ती धाकट्या दिराकडेच राहायची, दोन खोल्यांत तिसरी. जावा म्हटलं की हेवादावा आलाच असं लोक धरून चालतात. टेबलावरच्या बायकांनीही पहिली काही वर्षं भांडणाची वाट पाहिली आणि मग कंटाळून नाद सोडला.

धाकटीला हे काम थोरलीनंच शिकवलं होतं. दांडी, पट्टी, काड्या हे कुणीही भरेल. खरी मेख कापसाच्या गोळ्यात. कापूस पेट्रोलियम जेलीत मळायचा, पण असा की वरून तुपकट आणि पोटात कोरडा. वापरणारा तो गोळा उकलतो, आतला कोरडा कापूस पिंजतो, त्यावर ठिणगी पाडतो. कोरडा कापूस पेट घेतो आणि वरची जेली ज्योत टिकवते. जेली पोटापर्यंत गेली, तर ठिणग्यांचा पाऊस पाडलात तरी गोळा ढिम्म हलत नाही. किती मळलं म्हणजे पुरे, हे डोळ्यांना दिसत नाही. ते बोटांनाच कळतं.

आणि थोरलीच्या बोटांना ते कळेनासं झालं होतं. थोरली डावखुरी. तिच्या डाव्या हाताला आधी मुंग्या यायच्या, मग अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर पडायला लागली. थंडीच्या सुरुवातीला ती एकदा डॉक्टरकडे जाऊन आली. "नस दबलीय म्हणे मनगटात. गोळ्या दिल्यात," एवढं सांगून तिनं विषय मिटवला. धाकटीनंही जास्त विचारलं नाही, कारण तिच्या डोक्यात त्या वेळी शुक्रवार होता.

शुक्रवार म्हणजे परीक्षा. मुकादम प्रत्येकीच्या ट्रेमधून आपल्या मनानं एक डबी उचलायचा आणि जिची तिच्याच हातात द्यायचा. मागच्या अंगणात जायचं, बादलीत हात बुडवायचे आणि ओल्या हातांनी सगळ्यांसमोर गोळा पेटवून दाखवायचा. "जंगलात काय टॉवेल घेऊन कोणी उभं असतं का?" हे त्याचं ठरलेलं वाक्य. गोळा पेटला नाही तर अख्खा ट्रे उघडायचा. दुसऱ्यांदा पेटला नाही तर टेबल सुटलं, जायचं खोकी बांधायला. मुकादम माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

थोरलीचा गोळा त्या थंडीत एकदा पेटला नाही. जिनं टेबलावरच्या निम्म्या बायकांना हात धरून शिकवलं, ती अंगणात ओल्या हातांनी खरवडत राहिली, आणि बायका उगाचच आभाळाकडे बघत राहिल्या. धाकटीला ते बघवलं नाही. सरळ सांगायचं तर थोरलीवर तिचा जीव होता. लग्न होऊन आली तेव्हा चुलीपाशी रडत बसलेल्या पोरीला ह्याच बाईनं पोटाशी धरलं होतं. तिला टेबलावरून उठवलं तर ती खचेल, असं धाकटीनं ठरवून टाकलं. तिला न विचारता ठरवलं.

तेव्हापासून थोरली चहाला उठली, मेण आणायला गेली, की धाकटीचा हात टेबलापलीकडे जायचा. थोरलीचे चिकट गोळे काढायचे, आपले चांगले तिथे ठेवायचे आणि मग आपल्यासाठी पुन्हा नवे मळायचे. काम दोघींचं, पाठ एकटीची. खांदे असे भरून यायचे की घरी पोळपाट उचलताना तिला कळ यायची. बोलायची सोय नाही, तोंड दाबून बुक्क्यांचा मार. त्यात नवरा म्हणायचा, "तू एवढी कशानं दमतेस गं? वहिनी बघ. तुझ्याहून मोठी, पण कशी ताजीतवानी!"

ताजीतवानी ती होतीच. दर शुक्रवारी थोरली सवयीनं न बघताच गोळा उकलायची, पोलादी पट्टी मुठीत घट्ट धरायची, दांडीवरून एकदा खसकन ओढायची आणि भक्कन ज्योत. "अजून आहे बरं का हातात!" असं म्हणून ती हसायची, आणि ते हसू बघून धाकटीला वाटायचं, दमले तर दमले.

मग डोंगर चढणाऱ्यांच्या एका संघाची मोठी मागणी आली. अख्खा आठवडा मान वर करायला फुरसत नव्हती. नवे गोळे मळायला वेळ कुठला? धाकटीनं नुसती अदलाबदल केली. आपले गोळे थोरलीच्या डब्यांत, थोरलीचे आपल्या. तिचा विचार साधा होता. आपली डबी अजून एकदाही फसलेली नाही, एकदा फसली तर ट्रे उघडतील, इतकंच. ती इतकी दमली होती की हा विचार तिला शहाणपणाचाही वाटला.

त्या शुक्रवारी थोरलीची डबी पहिल्याच ठिणगीला पेटली. मग मुकादमानं धाकटीच्या हातात तिची डबी ठेवली. तिनं हात भिजवले, गोळा काढला, उकलला, खरवडायला लागली. ठिणग्या पडत होत्या आणि गोळ्यावर विझत होत्या. "अगं, पिंज जरा," म्हणत थोरली मदतीला पुढे आली, वाकली आणि तशीच थांबली. गोळा बांधताना शेवटी कापसाला एक पीळ देतात. टेबलावर सगळ्यांचा पीळ उजवीकडे. ह्याच्या टोकाला अजून टिकलेला पीळ डावीकडे होता.

"हा माझा आहे," थोरली म्हणाली.

"ताई, तुमची डबी तर आत्ताच पेटली," मुकादम म्हणाला.

"त्यातला गोळा हिचा होता." थोरलीनं आता धाकटीकडे पाहिलं. "किती दिवस चाललंय हे?"

धाकटी मान खाली घालून ओले हात पदराला पुसायला लागली. मुकादमानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "सोमवारपासून खोक्यांकडे या, ताई," तो जमिनीकडे बघत म्हणाला. धाकटीच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल तर ते हे, की चला, आता एकटीपुरतंच काम. तिला स्वतःची लाज वाटली, पण सुटल्यासारखं वाटलं ते वाटलंच.

घरी येईपर्यंत थोरली चार पावलं पुढेच चालत राहिली. स्वयंपाकघरात आल्यावर ती चपला न काढताच खुर्चीवर बसली.

"जाऊबाई, रागावला असाल तर बोला तरी," धाकटी म्हणाली. "तुम्हाला टेबल सोडावं लागू नये म्हणून केलं मी. दुसरं काही नाही हो मनात."

"टेबलाचं काय घेऊन बसलीस?" थोरलीचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. "डॉक्टरनं छोटं ऑपरेशन सांगितलं होतं. लवकर केलं तर हात परत येईल म्हणाला. तारीखसुद्धा दिली होती. मी गेले नाही. का, माहितीये? दर शुक्रवारी माझा गोळा पेटत होता. मला वाटलं, हात सुधारतोय. भांडं हातातून पडलं की म्हणायचे, घाई केली असेल. गोळ्या पण सोडल्या मी."

धाकटी खाली फरशीवर बसली. इतके महिने ती समजत होती की आपण भार उचलतोय. "मला सांगायचंत तरी," ती म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की हे वाक्य खरं तर थोरलीनं म्हणायचं होतं.

थोरलीनं ते म्हटलं नाही. तिनं डावा हात पुढे केला आणि डोळे मिटले. "आता बघून टाकू किती राहिलंय ते. एकेक बोट धर. मी सांगते कुठलं. आणि हे बघ, आता खोटेपणा नको. जे असेल ते खरं सांगायचं."

धाकटीनं करंगळी धरली.

"करंगळी," थोरली लगेच म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर जरा आशा आली.

धाकटीनं करंगळी सोडली आणि अंगठ्याशेजारचं बोट धरलं. आधी हलकेच, मग चिमटीत, मग नख रुतेल इतकं दाबून. बोटाचं टोक पांढरं पडलं.

थोरली डोळे मिटून वाट बघत होती.

"धर ना गं," ती म्हणाली.

काहीतरी बोलून वेळ मारून नेता आली असती. धाकटीच्या ओठांवर तसं आलंही.

"धरलंय, जाऊबाई," ती म्हणाली.