ताफ्यातली मागची गाडी

नव्या गाडीबरोबर मालकाला जे माहितीपुस्तक देतात ते कुणी वाचत नाही, आणि ते लिहिणं हेच माझं काम. चेन्नईला आले तेव्हा अड्यारमध्ये ज्यांच्या वरच्या मजल्यावर मी भाड्याने राहायचे, ते घरमालक मात्र माझा मसुदा पानन् पान वाचत. तंजावरकडचे मराठी, इंग्रजीचे निवृत्त शिक्षक. सगळी गल्ली त्यांना मामा म्हणे, म्हणून मीही. माझं सांगलीचं मराठी त्यांना घाईचं वाटे, आणि इंग्रजी त्याहून.

घाटात गाड्यांचा ताफा चालला असेल तर सगळ्यात मागच्या गाडीने दिवे लुकलुकते ठेवावेत, असं एक वाक्य होतं. मी 'लास्ट' लिहिलं होतं. मामांनी पेन्सिलीने 'हाइंडमोस्ट' केलं.

"असला शब्द आता कुणी वापरत नाही, मामा."

"वापरत नाहीत, सरी, मान्य. पण अर्थ बघ की. शर्यत संपल्यावर जो उरतो तो लास्ट. तिथे हाइंडमोस्ट घालू नको. कळप, फौज, जिथे सगळे चालत आहेत, तिथे घाल. हाइंडमोस्ट मागे पडलेला असतो, पण त्यांच्यातलाच असतो."

मला पटलं. ऑफिसात साहेबांनी तो शब्द एका फटक्यात उडवला. "आपल्याला गाड्या विकायच्यात, इंग्रजी शिकवायचं नाही." मी 'लास्ट' परत घातलं. पटलेली गोष्ट चारचौघांत बोलायची हिंमत नव्हती, दुसरं काय.

संध्याकाळी मामांनी विचारलं, "शब्द राहिला का?" मी "हो" म्हणून मोकळी झाले. मग काय, मामा दूध आणायला गेले की तिथेही सांगायचे, माझा एक शब्द गाडीत बसून हिंडतो आहे. छापील प्रत मागायचे. मी आज आणते, उद्या आणते करत राहिले आणि एक दिवस अण्णा नगरला राहायला गेले. तिथून ऑफिस जवळ पडतं, हे कारण खरंही होतं.

यंदा पोंगलला भेटायला गेले तर दारात आमच्या कंपनीचीच गाडी. मामांच्या जावयाने घेतलेली. पुस्तक मामांच्या टेबलावर, वर भिंग. मामींनी काफी आणून ठेवली.

"बरं केलंत," मामा म्हणाले. "गाडी चालवणाऱ्याला सोपा शब्दच बरा."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. माफी मागायला हवी होती, ती जिभेवर आलीच नाही. उलट मी पिशवीतून पुढच्या गाडीच्या पुस्तकाचा मसुदा काढून त्यांच्यापुढे ठेवला. तीच माफी समजतील, असं वाटलं.

मामांनी तो हातात घेतला नाही. "डोळे चालत नाहीत आता," एवढंच म्हणाले.

टेबलावर त्या दिवशीचा इंग्रजी पेपर होता. त्यातलं शब्दकोडं त्यांनी बारीक अक्षरात पुरतं सोडवलेलं होतं.